माझ्या मापाचं लाकूड

माझ्या सासऱ्यांनी जाताना मला रायफल दिली. लोकांना सासरकडून पाटल्या मिळतात, पैठणी मिळते, निदान चांदीचं तबक तरी. मला थ्री नॉट थ्री मिळाली. मृत्युपत्रात माझ्या नावापुढे त्यांनी एकच ओळ लिहिली होती: ‘भिंतीवर टांगायला नाही, वापरायला.’ वकिलाने ती वाचली तेव्हा माझा नवरा हसला आणि मोठा दीर खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पार्किंग लॉट होता.

सासरे वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, डोंगरापलीकडच्या एका छोट्या गावात राहायचे आणि तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. आम्ही बॉथेलला, डोंगराच्या अलीकडे, चार तासांच्या ड्राइव्हवर. मी नागपूरची. एमएस करायला आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीला लागले, इथल्याच मुलाशी लग्न केलं आणि राहिले. गेली बावीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढणं हाच माझा पेशा आहे. या पेशात माणूस लोकप्रिय होत नाही, पण त्याची मान ताठ राहते.

लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा वर्कशॉपच्या कोपऱ्यात ती उभी होती. नळीच्या टोकापर्यंत लाकडाने मढवलेली, काळपट, चांगलीच जड. त्यांनी तरुणपणी ती गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून उचलली होती. तिथे लष्करांनी काढून टाकलेल्या रायफली पिंपात छत्र्यांसारख्या उभ्या करून विकायला ठेवत. मी सहज हातात घेतली आणि दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर बघते तर आपले अशोकस्तंभाचे सिंह. मी म्हणाले, “ही तर आमच्याकडची आहे. बंगालमधल्या कारखान्यात झालेली. आमच्या बँकेच्या दारातला शिपाई हीच मांडीवर घेऊन स्टुलावर पेंगायचा.” सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला तिथेच बसवून तिचा एकेक भाग दाखवला. मला चालवता येते का विचारलं. मी म्हणाले, कॉलेजात एनसीसीत होते, पॉइंट टू-टू चालवली आहे. “मग तुला कळेल,” ते म्हणाले.

तिचं मिलिटरीचं ओझं उतरवून शिकारीला बरं पडेल असं हलकं लाकूड बसवायचं, हे त्यांचं कित्येक वर्षांचं ठरलेलं काम होतं. रिटायर झाल्यावर करू म्हणायचे. रिटायर झाले आणि फुप्फुसं गेली. शेवटची दोन वर्षं मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायचे. ते नाकात ऑक्सिजनची नळी लावून खुर्चीत बसून सांगायचे आणि मी रंधा मारायचे. आम्ही दोन स्टुलं केली, एक पेटी केली. रायफलपर्यंत पोचायच्या आत ते गेले.

आता दिराबद्दल. आपल्याकडे मोठ्या दिराला अहो-जाहो करतात. इथे तसलं काही नसल्यामुळे मी त्याला मनातल्या मनातही अरे-तुरेच करते, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. सहा फूट दोन इंच उंची. सासऱ्यांच्याच गावात घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि एसी दुरुस्त करायचा धंदा. बंदुकांतलं त्याला सगळं कळतं, आणि ते आपल्याला कळतं हे तर त्याहून जास्त कळतं. मृत्युपत्र वाचल्यावर दोन आठवड्यांनी त्याचा मेल आला. चारच ओळींचा. ‘कृपया रायफलच्या एकाही स्क्रूला हात लावू नकोस. ती मूळ स्थितीत राहणं महत्त्वाचं आहे. मी येऊन घेऊन जाईन. कँपच्या केबिनमध्ये बाबांच्या टोपीशेजारी लावू.’

म्हणजे भिंतीवर. ज्या गोष्टीला बाबांनी नाही म्हणून लिहून ठेवलं, नेमकी तीच. आणि ‘कृपया’. मी मेल दुसऱ्यांदा वाचला, लॅपटॉप मिटला, गॅरेजमध्ये गेले आणि लांब स्क्रूड्रायव्हर उचलला.

पुढे काय झालं ते नीट समजावं म्हणून रायफलची थोडी माहिती देते. या रायफलचं लाकूड दोन तुकड्यांचं असतं. खांद्याला टेकतो तो दस्ता, आणि नळीखाली लांबवर जातं ते पुढचं लाकूड. दस्ता मागून एका लांब बोल्टने आवळलेला असतो. त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या खाचेत जाऊन बसतं. म्हणून आधी पुढचं लाकूड उतरवायचं आणि मग दस्त्याचा बोल्ट फिरवायचा. उलट केलं तर ते चौकोनी टोक खाचेत फिरतं आणि पाचरीसारखं लाकूड फोडतं. हे कुठल्याही माहितीपत्रकात पहिल्या पानावर असतं. मी कधीही माहितीपत्रक वाचल्याशिवाय मिक्सरसुद्धा लावत नाही. त्या दिवशी मी रागात होते, आणि रागात मी वाचत नाही. बोल्ट घट्ट होता. मी दोन्ही हातांनी जोर लावला.

आवाज मोठा नव्हता. पापड मोडावा तसा, बारीक आणि कोरडा. पुढच्या लाकडाला मागच्या टोकापासून वीतभर चीर गेली होती, आणि त्या लाकडाचा एका बाजूचा खांदा, म्हणजे मागचा कोपरा, हातात आला होता.

नवरा धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन दारात उभा होता. त्याने चीर पाहिली, माझं तोंड पाहिलं. तो शांत माणूस आहे. “त्याला सांगशील ना?” एवढंच त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

मे महिन्यात आम्ही सगळे सासऱ्यांची राख विखरायला त्यांच्या कँपवर जमलो. कँप म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी एक लाकडी केबिन आणि चार तंबूंची जागा. ऑक्टोबरात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की सगळं कुटुंब तिथे जमतं. राख विखरून झाली, सगळे कॉफी घेत होते, आणि दीर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “रायफल आणली असशील. मी भिंतीवर हुक लावून ठेवलेत.”

इथेच मी खरं सांगून मोकळी होऊ शकत होते. पण त्या हुकांनी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “आणली नाही. तिचं काम चाललंय. शिकारीचं नवं लाकूड बसवतेय, बाबांना हवं होतं तसं. मी ठरवलंय.”

दीर म्हणाला, “ती मिलिटरीची रायफल आहे. तिचं लाकूड काढणं म्हणजे तिची वाट लावणं. आणि ती चालवणार कोण?”

“मी.”

“आमच्याकडे प्लेटचा नियम आहे, तुला माहीत आहे.”

माहीत होता. त्या कुटुंबात कोणीही, बारा वर्षांचं असो की सत्तर, पहिल्यांदा शिकारीला जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर जमिनीवर बसून, शंभर यार्डांवर खिळलेल्या कागदी प्लेटमध्ये तीन गोळ्या मारून दाखवतं. तीनच्या तीन. एक जरी बाहेर गेली तरी त्या वर्षी कँपवर भांडी घासायची. सासऱ्यांनीच घालून दिलेला नियम. माझ्या नवऱ्याने बाराव्या वर्षी प्लेट पास केली, एक हरीण मारलं, आणि नंतर परत बंदुकीला हात लावला नाही. तो कँपवर स्वयंपाक करतो आणि त्याबद्दल त्याला कोणी काही बोलत नाही, कारण त्याने प्लेट पास केलेली आहे.

“ऑक्टोबरात याच रायफलने तीन मारीन,” मी म्हणाले. “नाही जमलं तर त्याच जागी तुझ्या हवाली करते. मूळ लाकडासकट, जशीच्या तशी. लाव तुझ्या हुकांना.”

जशीच्या तशी. हे मी सासऱ्यांची राख हाताला लागलेली असताना म्हणाले. मूळ लाकूड तर माझ्या गॅरेजमध्ये दोन तुकडे होऊन जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं. नेम चुकला तर रायफल जाणार होतीच, वर मी खोटारडी ठरणार होते, तीही सगळ्यांच्या देखत. तेव्हा आता नेम चुकून चालणार नव्हतं.

आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर एक म्हातारा कारागीर बंदुकांची लाकडं घडवतो. त्याच्याकडे रायफल आणि ते दोन तुकडे घेऊन गेले. त्याने चष्मा न लावताच बघितलं. “दस्ता आधी काढलात,” तो म्हणाला.

“हो.”

“ही रायफल बाळगणारा प्रत्येक जण हे एकदा करतो. दुसऱ्यांदा कोणी करत नाही.” त्याने अक्रोडाच्या लाकडाचे दोन ओबडधोबड तुकडे काढून टेबलावर ठेवले. मी म्हणाले, तुम्हीच करून द्या. तो म्हणाला, त्याच्याकडे दीड वर्षाचं काम पडून आहे, आणि तुमचे हात बघता तुम्हाला पटाशी धरता येते. लाकूड घेऊन जा, अडलं की या. दस्त्यातलं बोल्टचं लांब भोक तेवढं मी पाडून देतो, ते घरी नीट व्हायचं नाही.

मग त्याने माझं माप घेतलं. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्ता कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि बोट चापापर्यंत आरामात पोचतंय का बघायचं. मिलिटरीच्या जुन्या दस्त्यावर माझं बोट चापाच्या अलीकडेच हवेत लटकत होतं. मी पाच फूट एक इंच आहे. या देशात आल्यापासून मी खुर्च्या, स्वयंपाकघराचे ओटे, गाडीचे सीट-बेल्ट, वरच्या कप्प्यातली पातेली, सगळ्यांशी जुळवून घेत आले. टाचा उंच करून, उशी घेऊन, स्टूल ओढून. म्हाताऱ्याने नव्या लाकडावर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाला, “इथे कापा. तुमचा हात इथे संपतो.” इतकं साधं वाक्य. मला भरून आलं, आणि तो म्हातारा लाजून दुसरीकडे बघायला लागला.

लाकूड लोखंडाला बसवणं हे घाईचं काम नाही. लोखंडावर काळा रंग लावायचा, ते लाकडात दाबायचं, वरून हलकेच ठोकायचं, उचलायचं. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते टेकतंय, तेवढंच खरवडायचं. परत काळं, परत दाबायचं, परत खरवडायचं. एका संध्याकाळी वीस-पंचवीस वेळा केलं तर लाकूड केसभर खाली बसतं. म्हाताऱ्याने दिलेली काळ्या रंगाची डबी तीन आठवड्यांत संपली. त्याला फोन केला तर तो म्हणाला, पूर्वीचे लोक दिव्याची काजळी धरायचे, तेलात कालवायचे. त्याला काय, त्याने जुन्या लोकांची गंमत म्हणून सांगितलं. मी आईला नागपूरला व्हिडिओ कॉल लावला आणि काजळ कसं धरायचं ते विचारलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. “अगं बाई, कोणाला बाळ झालं?”

“बाळ नाही. रायफलला लावायचंय.”

आईने कपाळाला हात लावला. “तू त्या बंदुकीचं काय करून राहिली आहेस?” मग मी तिला सगळं दाखवलं. लोखंड, लाकूड, कुठे टेकतं, कुठे टेकत नाही, चिरलेला जुना तुकडासुद्धा. नवऱ्यानंतर हे खरं कळलेली घरची ती एकटीच. तिने चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाली, “मग एरंडेलाचा दिवा लाव, वर तांब्याची ताटली धर. आणि तूप अगदी बोटाच्या टोकावर घे. डोळ्यांसाठी घेतो तेवढं घेशील तर पसरेल, अन् कुठे टेकलं ते कळायचं नाही.” तिचं बरोबर होतं. ते काजळ विकतच्या रंगापेक्षा चांगलं उमटायचं, एकेक डाग मुंगीएवढा.

हे सगळं चालू असताना बाहेरचेही गप्प नव्हते. आमच्या मराठी मंडळात बातमी पोचायला वेळ लागत नाही. एका काकूंनी पॉटलकच्या जेवणाला मला बाजूला घेतलं. “अगं, हरणं मारणार म्हणे तू. आपण असलं करत नाही गं.”

“आपण म्हणजे कोण, काकू?” मी विचारलं. माझे सख्खे काका गोंदियाच्या बाजूला जंगल खात्यात होते आणि आमच्या घरी रविवारी मटणाशिवाय चूल पेटत नसे. काकूंच्या घरचं ‘आपण’ वेगळं असेल, माझ्या घरचं हे आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा आक्षेप मात्र वेगळा होता. ती म्हणाली, ज्या देशात मुलं शाळेत गोळीबाराच्या भीतीने टेबलाखाली लपायची तालीम करतात तिथे तू घरात बंदूक आणतेस? तिला मी उलट बोलले नाही. तिचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून तिजोरी आणली, किल्ली गळ्यात घातली, बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या वर्गात मागच्या बाकावर बसून शिकारीच्या सुरक्षेची परीक्षा दिली आणि त्यांच्याहून जास्त मार्क मिळवले. याउपर काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. पण लाकूड खरवडणं मी थांबवलं नाही.

खंडेनवमीला मात्र मी मुद्दाम केलं. आमच्याकडे त्या दिवशी लोक लॅपटॉपला हळदकुंकू लावतात, कारला लावतात, एकाने तर राउटरला झेंडूचा हार घातला होता. मी पाटावर रायफल ठेवली, मोकळी, काडतूस न घातलेली, आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. शस्त्रपूजेच्या दिवशी खरं शस्त्र बघून ग्रुपवर जी शांतता पसरली ती दसरा उलटला तरी टिकली. मला फार मजा आली.

पण तिथवर पोचण्याआधी ऑगस्टात वाईट दिवस येऊन गेले. लाकूड बसलं होतं, जवसाच्या तेलाचे आठ हात देऊन झाले होते, अक्रोडाच्या रेषा दिसायला लागल्या होत्या. मोठ्या हौसेने मी शूटिंग रेंजवर गेले. दहा गोळ्या मारल्या आणि दुर्बिणीतून बघितलं. दहा भोकं दहा दिशांना. जेवणाच्या ताटातसुद्धा मावली नसती. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी दोन गोळ्या कागदालाच लागल्या नाहीत. मी गाडीत येऊन बसले आणि रडले. दिराच्या केबिनमधले ते दोन रिकामे हुक डोळ्यांपुढून हलत नव्हते.

म्हाताऱ्याकडे गेले. त्याने लाकूड उतरवून मागचे दोन खांदे दाखवले. गोळी सुटल्यावरचा सगळा धक्का त्या दोन छोट्या खांद्यांवर येतो. दोन्ही सारखे टेकले पाहिजेत. माझा डावा टेकत होता, उजव्यात कागद सरकत होता. “तुम्ही उजवीकडे जास्त खरवडलंत,” तो म्हणाला. “कुठली घाई होती?” कुठली ते मला ठाऊक होतं. ती बाजू खरवडत होते त्या रात्री दिराने कुटुंबाच्या ग्रुपवर ‘रायफलची काही बातमी?’ असं विचारलं होतं. मी दोन्ही खांदे पटाशीने सपाट केले, मेपलच्या टणक लाकडाच्या दोन पातळ चकत्या चिकटवल्या, आणि काजळ घेऊन परत पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी महिनाभर कुटुंबाचा ग्रुप उघडलाच नाही. सप्टेंबरच्या शेवटी मंडळाच्या गणपतीतल्या उरलेल्या कागदी प्लेटा घेऊन रेंजवर गेले आणि बसून मारायला लागले. पाचपैकी चार आत. मग पाच. मग एका दिवशी परत तीनच.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी आम्ही दुपारी कँपवर पोचलो. गाडीच्या डिकीत चादरीत गुंडाळलेलं जुनं लाकूडही होतं, कारण हरले तर सगळं त्याच जागी द्यायचं मी कबूल केलं होतं. दिराने रायफल हातात घेतली. नव्या लाकडावरून अंगठा फिरवला, लाकूड लोखंडाला जुळतं तिथे नखाने चाचपलं. स्वतः चालत जाऊन त्याने प्लेट खिळली.

मी जमिनीवर बसले, कोपरं गुडघ्यांच्या आत टेकवली. पहिली मारली. दुसरी मारली. तिसरीला माझ्या छातीतले ठोके नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवर दिसत होते, म्हणून मी खाली ठेवली, दोन श्वास घेतले, परत उचलली. कोणीतरी मागे खाकरलं. मारली, आणि चाप दाबतानाच मला कळलं की ती उजवीकडे ओढली गेली.

त्यांच्यात सगळ्यात मोठ्या माणसाने प्लेट काढून आणायची रीत आहे. दीर शंभर यार्ड चालत गेला, तिथे बराच वेळ उभा राहिला, चालत परत आला. दोन भोकं मध्याशी, जवळजवळ चिकटलेली. तिसरं प्लेटच्या चुणीदार काठावर. भोक नाहीच, अर्धचंद्र फाटलेला होता. त्याची मुलगी म्हणाली, काठ धरायचा का? सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याने नाही म्हटलं असतं तर कोणी वाद घातला नसता, मीसुद्धा नाही.

“कागद फाटला की धरायची,” तो म्हणाला. “बाबांचा नियम आहे. तीन.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने मला उचललं. मी जिंकले होते, आणि कोणालाही काही कळायचं कारण उरलं नव्हतं. चादर डिकीतच राहिली असती आणि घरी जाऊन मी ती शेकोटीत घातली असती. तेवढ्यात दीर जवळ आला, प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “चांगलं काम केलंस. बाबांना आवडलं असतं. एक मागू? जुनं लाकूड तू जपून ठेवलं असशील. टोपीशेजारी तेच लावतो.”

मला त्याच्यावर रागावता येईना. एवढे महिने राग हाताशी होता म्हणून मी सगळं रेटलं होतं, आणि आता नेमका तो कुठे सापडेना. मी डिकी उघडली, चादर आणली आणि त्याच्यासमोर टेबलावर सोडली.

“हे मी फोडलं,” मी म्हणाले. “मार्चमध्ये. तुझा मेल वाचून त्याच दिवशी. मेमध्ये मी जशीच्या तशी देईन म्हणाले तेव्हा हे असंच होतं. लाकूड बदलायचं मी ठरवलं नव्हतं, माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मला माफ कर. लाकडासाठी आणि खोटं बोलल्यासाठी. नव्या लाकडासाठी मी माफी मागणार नाही.”

त्याने तुकडे जुळवून बघितले. मग त्याचा चेहरा लाल झाला.

दीर माझ्याशी वीस वर्षं अतोनात सभ्यपणे वागत आला होता. डाळ छान आहे, थँक यू. प्रवास ठीक झाला ना, थँक यू. माझ्या नवऱ्यावर तो ओरडायचा, बायकोवर, मुलीवर, कुत्र्यावर ओरडायचा, आणि तेही त्याच्यावर. माझ्याशी बोलताना मात्र आवाज खाली यायचा, बँकेत बोलावं तसा. मी तो मान समजत होते.

“बाबांची राख हातात घेऊन तू माझ्याशी खोटं बोललीस?” तो इतक्या मोठ्याने ओरडला की टेकडीवरून आवाज परत आला. “पाच महिने? मी हुक ठोकून बसलो होतो, मूर्खासारखा!”

“का हात लावू नको ते एका ओळीत लिहायला काय झालं होतं?” मीही ओरडले. “लाकूड फुटेल एवढं लिहिलं असतंस तर मी थांबले असते! कृपया म्हणे!”

“मला काय माहीत तू स्क्रूड्रायव्हर घेऊन धावशील!”

“मग आता माहीत झालं!”

नवरा झारा हातात धरून चुलीशी उभा होता. त्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला नाही. दिराची बायको आणि मुलगी तर कांदे चिरत राहिल्या होत्या, जणू रोजचंच चाललंय. आम्ही दोघं घसा बसेपर्यंत भांडलो. मग तो ते तुकडे घेऊन केबिनमध्ये गेला आणि जेवायला आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझ्या डाळीत मीठ कमी आहे.” वीस वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी उजाडायच्या सुमाराला सगळे नारिंगी जाकिटं घालून उभे राहिले. कोण कुठे बसणार हे मोठा माणूस सांगतो. त्याने सगळ्यांची नावं घेतली, माझं शेवटी. “तू माझ्याबरोबर. माझ्या पुढे चाल, मागे नको, तुझा काय भरवसा.” चढ चढताना तो पाठीमागून बडबडत होता. पाय आपटू नकोस, नळी खाली धर, एवढी काय धापा टाकतेस. मी त्याला तीनदा गप्प बस म्हणाले. वर हरणांची वाट बघत बसायचे दोन सपाट दगड होते. मी डावीकडच्या दगडाशी थांबले.

“तो बाबांचा आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे, ते सांगायचे. उजवीकडच्या दगडावर ऊन डोळ्यात येणार.”

मला वाटलं आता परत ओरडणार. त्याने हातमोजा काढला नाही, तसाच वाकून दगडावरचं गोठलेलं दहिवर झटकून टाकलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“बस,” तो म्हणाला. “आणि हलू नकोस.”

मी बसले. हलले मात्र, कारण दगड फार गार होता.